चौथ्या खेपेतले सात स्टँड

गोणी फरशीवर आदळली तेव्हा वर्कशॉपमध्ये कल्पिता एकटीच होती. मधली सुट्टी होती आणि बाकीची मुलं गेटबाहेर वडापावच्या गाडीवर गेली होती. आवाज एवढा मोठा झाला की पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली. कल्पिता दचकून मागे सरकली ती थेट लेथ मशीनच्या कोपऱ्यावर आपटली.

पाळण्याचा स्टँड तिच्यासमोर वाकडा उभा होता. वरचा आडवा पाइप एका टोकाने सुटून खाली लोंबत होता. त्याला टांगलेली पन्नास किलो वाळूची गोणी फाटली होती आणि वाळू तिच्या बुटांपर्यंत आली होती.

तिने वाकून सुटलेल्या टोकाला बोट लावलं. जिथे वेल्डिंगची सलग रेघ असायला हवी होती तिथे मसुराच्या दाण्याएवढे दोन टाके होते, बस. बाकी सगळा नुसता रंग. निळा, गुळगुळीत, मन लावून मारलेला.

स्टँडच्या पायाला बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल तिने उलटं केलं. ‘खेप ४, नग ७. तपासले.’ खाली सही होती. कल्पिता दशरथ मयेकर.

चौथ्या खेपेत सात स्टँड होते. त्यातले सहा शनिवारी लोकांच्या घरी पोचले होते आणि आज मंगळवार होता.

भांडुपच्या या टेक्निकल हायस्कूलमध्ये अकरावी-बारावीची मुलं दोन वर्षांपासून एक छोटा कारखाना चालवत होती. नाव ‘घडण’. वेल्डिंग शिकवणारे पेडणेकर सर पूर्वी एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत होते. ती बंद पडल्यावर ते शिकवायला आले. नुसते नमुने करायचे आणि वर्षाच्या शेवटी भंगारात टाकायचे, यात पोरांना काय गोडी लागणार, असं म्हणत त्यांनीच हे सुरू केलं. वस्तू कुठली करायची ते मुलांनी ठरवायचं, माल मुलांनी आणायचा, गिऱ्हाईकही मुलांनीच शोधायचं.

पाळण्याच्या स्टँडची कल्पना कल्पिताची. तिची मावशी भाड्याच्या खोलीत राहायची आणि मालक स्लॅबला हुक मारू देत नव्हता. मावशीचं बाळ तीन महिने जमिनीवरच झोपलं. तेव्हा कल्पिताच्या डोक्यात आलं, की घडी घालून दारामागे ठेवता येईल असा स्टँड केला तर? मधोमध आडवा पाइप, त्याच्या दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या जाड पट्ट्या, आणि पट्ट्यांना बोल्टने जोडलेले पाय. पहिल्या तीन खेपांत तेवीस स्टँड गेले. एकाचीही तक्रार आली नाही.

तपासणी कल्पिताकडे होती. प्रत्येक स्टँडला गोणी टांगायची, दहा मिनिटं झुलवायची, जोड निरखून बघायचे आणि मगच सही करायची. गेल्या शुक्रवारी गोणीचा दोर तुटला होता. नवीन आणायला वेळ नव्हता, कारण शनिवारी सकाळी टेम्पो यायचा होता. तिने सातही लेबलं मांडीवर घेतली आणि ओळीने सह्या करून टाकल्या. तेवीस पास झाले, हेही होणारच. त्या वेळी तिला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

आज नवा दोर आला होता. गुरुवारी कुणी पाहुणे कारखाना बघायला येणार होते, म्हणून मागे उरलेला एक स्टँड तिने सहज टांगून बघितला होता.

आता तिने पहिलं काम काय केलं, तर वर्कशॉपचं दार लावलं. मग झाडूने वाळू गोळा केली आणि त्या वाकड्या स्टँडवर ताडपत्री टाकली. कुणी पाहिलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढे कितीतरी दिवस तिला हे टोचत राहिलं. तिला आधी बाळं आठवली नव्हती, आधी दार आठवलं होतं.

ताडपत्री सारखी करताना एकदम तिच्या डोळ्यांपुढे एक पाळणा आला. कुणाचा ते माहीत नाही. नुसता एक पाळणा, आणि त्याच्यावर निळा पाइप.

“दार कशाला लावलंयस गं?” बाहेरून सुयोगचा आवाज आला.

सुयोग तिच्याच वर्गातला. सगळ्या शाळेत त्याच्यासारखं वेल्डिंग कुणाला जमत नव्हतं. तो आत आला तशी कल्पिताने काही न बोलता ताडपत्री उचलली. त्याने सुटलेला जोड बघितला, जवळ गेला, परत बघितला. “कुणी रे हा...” असं म्हणता म्हणता तो थांबला. चौथ्या खेपेचं सगळं वेल्डिंग त्यानेच केलं होतं.

“शुक्रवारी लाइट गेली होती,” तो हळू आवाजात म्हणाला. “आठवतंय ना? पाइप जागेवर धरायला मी आधी सगळ्यांना टाके मारून ठेवले होते. काही पूर्ण झाले होते, त्यांच्यावर खडूने खूण केलेली. लाइट येईपर्यंत अकरावीच्या पोरांनी रंगासाठी पाइप पुसायला घेतले आणि खुणा गेल्या. मग मी बघून बघून मारले. मला वाटलं, सगळे झाले.”

“किती राहिले असतील?”

“नाही माहीत.”

“सुयोग, किती?”

“नाही माहीत, यार! एक असेल, पाच असतील. वरून रंग आहे, कसं कळणार?” तो एकदम तिच्यावरच उखडला. “आणि तू गोणी टांगलीस ना? तेव्हा कसं नाही कळलं?”

“नाही टांगली.”

सुयोग लाकडी पेटीवर बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

“हे बघ,” तो म्हणाला, “हा पन्नास किलोला तुटला. बाळ किती किलोचं असतं? पाच-सहा. टाक्यावरही राहील. आपण रविवारी सर्व्हिसिंग म्हणून सगळ्यांच्या घरी जाऊ आणि गुपचूप वेल्ड मारून येऊ. कुणाला कळायची गरज नाही.”

“झुलतं ते, सुयोग. दिवसभर झुलतं. सरांनी तार वाकवून दाखवली होती ना? एकदा वाकवल्यावर काही होत नाही. इकडून तिकडे वाकवत राहिलं की तुटतेच.”

“माझी अप्रेंटिसशिप आहे जूनपासून. नाव पाठवलंय सरांनी. हे कळलं तर माझी वाट लागेल, कल्पिता.”

“शनिवारपासून झुलतायत ते,” ती म्हणाली. तिला तिचा स्वतःचाच आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. “रविवारपर्यंत थांबायचं?”

सुयोगने मान खाली घातली. शाळेची घंटा झाली, मुलांचे पाय जिन्यावर वाजायला लागले.

“यादी कुठाय?” तो उठत म्हणाला.

पेडणेकर सर मीटिंगसाठी ठाण्याला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. प्रिन्सिपॉल मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी आधी सगळी हकिगत विचारली असती, मग कुणाला तरी बोलावलं असतं. कल्पिताने सरांना मेसेज टाकला आणि वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसून पावतीपुस्तक उघडलं. पहिला नंबर लावताना तिचा अंगठा दोनदा चुकला.

“हॅलो, मी घडणमधून बोलतेय. पाळण्याचा स्टँड घेतलाय ना तुम्ही? बाळ आत्ता त्यात आहे का? प्लीज, आधी बाहेर काढा. मग सांगते.”

पलीकडून पळण्याचा आवाज आला, मग बाळाची कुरकुर आली. “काढलं. काय झालं गं?” कल्पिताने वेल्डिंगचं सांगितलं आणि पुढचा नंबर लावला. अशा चौघांनी लगेच ऐकलं. दोघींनी तिला शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या.

घाटकोपरचे एक सीताराम नावाचे गृहस्थ मात्र ऐकेनात. त्यांची नात आत्ताच झोपली होती. “अगं, मी स्वतः हलवून बघितलाय. दणकट आहे. उगाच पोरीची झोप मोडू नको.”

“काका, वेल्डिंग राहिलंय त्यात. वरून दिसत नाही.”

“तुमच्या शाळेत कुणी मोठं माणूस नाही का?”

“आहेत. पण ते येईपर्यंत मला थांबता येणार नाही. काका, मी पाया पडते तुमच्या. तिला खाली गादीवर ठेवा. फोन चालू ठेवा, मला ऐकू दे.”

तिकडे पावलं वाजली. मग नात रडली आणि काका वैतागून म्हणाले, “ठेवली. झालं समाधान?”

आता एक नाव राहिलं. विनिता तांडेल, खोली अकरा, साईसेवा चाळ, कांजूरगाव. फोन बंद होता. दुसऱ्यांदा बंद, पाचव्यांदाही बंद.

“कामावर असेल,” सुयोग म्हणाला.

“मग बाळ कुणाकडे असेल?”

ती दोघं वॉचमनला काही न सांगता गेटबाहेर पडली आणि मिळाली त्या रिक्षात बसली. बसल्या बसल्या कल्पिताने सरांना चाळीचा पत्ता पाठवला. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. गांधीनगरच्या सिग्नलला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी रस्ता अर्धा खाल्ला होता आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या. कल्पिता दर मिनिटाला नंबर लावत होती. प्रत्येक वेळी त्याच बाईचा तोच थंड आवाज, की आपण ज्या क्रमांकाशी संपर्क साधू इच्छिता तो बंद आहे. पुलाच्या चढावर रिक्षा पुन्हा अडकली तेव्हा सुयोग उतरला. “पळ,” तो म्हणाला.

दोघं पळतच पूल उतरली. वाऱ्यावर डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा आंबूस वास येत होता. रस्ता विचारत विचारत ती दोघं गावात शिरली. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की समोरून माणूस आलं तर अंग चोरावं लागत होतं. साईसेवा चाळीच्या तोंडाशी पोचली आणि कल्पिताचे पाय थांबले. आठ-दहा बायका घोळका करून उभ्या होत्या. एकजण हातवारे करून मोठमोठ्याने बोलत होती, दुसरी कपाळाला हात लावून उभी होती.

“सुयोग,” ती म्हणाली. “झालं वाटतं.”

तो पुढे गेला. तिला त्याच्या पाठीवरचा घामाने भिजलेला युनिफॉर्म तेवढा दिसत होता. त्याने वळून हात हलवला. गॅसचं सिलिंडर कमी भरलं होतं, त्यावरून भांडण चाललं होतं.

अकरा नंबरची खोली गल्लीच्या टोकाला होती. दार आतून बंद होतं. दाराशेजारी गज लावलेली खिडकी होती, अर्धी उघडी. कल्पिताने आत बघितलं.

वाऱ्यासाठी स्टँड खिडकीला अगदी लागून ठेवला होता. निळा पाइप तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. खाली पिवळ्या पातळाचा पाळणा होता आणि त्यात झोपलेल्या बाळाची एक मूठ बाहेर आली होती. पाळणा हळूहळू झुलत होता. खोलीत जागं कुणीच नव्हतं. जमिनीवर चटईवर एक म्हातारी बाई उघड्या तोंडाने झोपली होती. पाळण्याची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. झोपेत तिचा पाय सवयीने हलायचा आणि दोरी ताणली जायची.

प्रत्येक झोक्याला डाव्या बाजूच्या जोडातून बारीक करकर येत होती. रंगाला केसासारखी चीर गेली होती.

सुयोग हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात कल्पिताने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“दचकली तर पाय ओढेल,” ती कुजबुजली. “दोरी बघ.”

दोघं तशीच उभी राहिली. मग सुयोगने बाही वर केली आणि गजांमधून हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, पुढे जाईना. त्याने खांदा गजाला दाबला, दात आवळले आणि अजून चार बोटं पुढे सरकवला. त्याच्या मुठीत पाइप आला.

“हलतोय,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. “आतल्या आत फिरतोय. लवकर, कल्पिता.”

ती शेजारच्या दारात धावली. तिथे एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिचं नाव माधुरी, हे कल्पिताला मागाहून कळलं. “मावशी, शेजारच्या घरात मागून जाता येतं का? हळू बोला. बाळाला उचलायचंय, स्टँडमध्ये गडबड आहे.”

माधुरीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. मागच्या बोळातून तिने कल्पिताला अकरा नंबरच्या मोरीच्या दाराशी नेलं. दाराला आत कडी नव्हती, साखळी अडकवलेली होती. माधुरीने फटीतून दोन बोटं घालून ती काढली.

मोरीतली ओली फरशी, मग एक उंबरा, मग खोली. कल्पिताने बूट काढले. अनवाणी पायांनी ती म्हातारीच्या उशाजवळून गेली. कोपऱ्यातल्या पंख्याच्या घरघरीत जोडाची करकर मिसळत होती. खिडकीत सुयोगचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याची मूठ पांढरी पडली होती आणि हात थरथरत होता. त्या थरथरीने पाइपही थरथरत होता.

तिने पाळण्यात दोन्ही हात घातले. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. तिच्या मावशीने शिकवलं होतं. बाळ गरम आणि घामेजलेलं होतं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. तिने उचललं. बाळाने डोळे उघडले, क्षणभर अनोळखी तोंडाकडे बघितलं आणि टाहो फोडला.

म्हातारी धडपडून उठली. तिचा पाय मागे गेला, दोरी ताडकन ताणली गेली. कल्पिता बाळाला छातीशी घेऊन भिंतीला चिकटली आणि त्याच क्षणी डावा जोड सुटला. पाइप, रिकामा पाळणा, पट्टी, सगळं एकदम खाली आलं. पाइपचं टोक जिथे आदळलं तिथली शहाबादी फुटली. खिडकीतून सुयोग ओरडला. त्याचं मनगट पाइप आणि गजाच्या मध्ये सापडलं होतं.

“कोण गो तू?” म्हातारी किंचाळली. “माझ्या नातवाक खंय नेतंस?”

“कुठे नाही, आजी. हा बघा. हा बघा, ठीक आहे.” कल्पिता भिंतीला टेकून खाली बसली. बाळ रडतच होतं. त्याहून गोड आवाज तिने आजवर ऐकला नव्हता.

बाळाची आई विनिता घाटकोपरच्या एका लॅबमध्ये काउंटरला बसायची. ड्युटीवर असताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. माधुरीने लॅबच्या नंबरवर फोन केला आणि पाऊण तासात विनिता घरी आली. लॅबचा पांढरा कोट अंगातच होता. तिने आधी मुलाला घेतलं, डोकं चाचपलं, हातपाय हलवून बघितले. मग ती फुटलेल्या फरशीकडे बघत उभी राहिली.

“नशीब समज,” माधुरी सांगायला लागली. “शाळेची पोरं स्टँड चेक करायला आली होती म्हणून. तुझ्या सासूने अंगठ्याला दोरी बांधली आणि झोपल्या. ओढला पाय, आला स्टँड खाली. या पोरीने अगदी वेळेवर उचललं बाळाला. याचा हात बघ कसा सुजलाय.”

विनिता सासूकडे वळली. “किती वेळा सांगितलं तुम्हाला, दोरी पायाला बांधू नका म्हणून? झोप येत होती तर माधुरीला हाक मारायची ना!”

सासू, कृष्णाबाई, भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. त्या पदराने डोळे पुसत होत्या. “माझो डोळो लागलो गो,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “माकाच कळाक नाय. माझीच चूक. माझ्या हातान काय होऊन बसला असता!”

विनिताने कल्पिताचा हात धरला. “तुझे उपकार कसे फेडू गं मी? नाव काय तुझं?”

कल्पिताने सुयोगकडे बघितलं. तो ओल्या फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. त्याने अगदी थोडीशी मान हलवली. नको. बोलू नको.

आणि खरं तर काही बोलायची गरजच नव्हती. तुटलेला स्टँड उचलून न्यायचा, दुसरा आणून द्यायचा, संपलं. आई घरी वाट बघत असेल. बारावीचं वर्ष आहे. बाळ वाचलं होतं, मग आता कसली भीती, हे तिला कळेना. पण आत्ताची भीती सगळ्यात जास्त होती. विनिताचा हात गरम होता आणि तो तिला सोडवत नव्हता.

कृष्णाबाई हुंदका देत होत्या.

“आजींची चूक नाही,” कल्पिता म्हणाली. “दोरी पायाला बांधली नसती तरी पडला असता. आज नाही तर उद्या. त्याचं वेल्डिंगच राहिलं होतं. आणि तपासायचं काम माझं होतं. मी न तपासता सही केली.”

विनिताला आधी समजलंच नाही. “म्हणजे?”

“स्टँडच्या पायाला लेबल आहे. त्यावर माझं नाव आहे.”

“वेल्डिंग माझं होतं,” सुयोग मान खाली घालूनच म्हणाला.

विनिताने कल्पिताचा हात सोडला. तिने वाकून लेबल वाचलं. दारात बायका जमल्या होत्या.

“सही करताना तुला काय वाटलं होतं?” विनिताने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

कल्पिताने खरंच आठवून बघितलं. “काहीच नाही वाटलं,” ती म्हणाली.

विनिता तिच्या अंगावर धावून जाईल असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. तिचा हात वर गेलाही होता. पण तिने मुलाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पाठ फिरवली. “निघा इथून,” ती म्हणाली. “हे लोखंड घेऊन जा. परत माझ्या दारात नको.”

“जावंदे गो तिका,” कृष्णाबाई मागून म्हणाल्या. “हात बघ कशे थरथरतत पोरीचे.”

विनिताने पायानेच पाइप दाराकडे ढकलला.

चाळीच्या तोंडाशी त्यांना पेडणेकर सर भेटले. मेसेज बघून ते ठाण्याहून परस्पर इथे आले होते. त्यांनी आधी सुयोगचा हात बघितला, मग कल्पिताला विचारलं, “बाळ?”

“ठीक आहे, सर.”

“बाकीची पाच?”

“सगळ्यांना काढायला लावलं.”

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. “आधी याला डॉक्टरकडे नेऊ,” ते म्हणाले. “मग मी जाऊन त्या बाईंशी बोलतो. शुक्रवारी दोर तुटलाय हे मलाही माहीत होतं. मी विचारलं नाही.”

शनिवारपर्यंत सगळे स्टँड परत आले. सरांनी सातही स्टँडचे जोड मुलांसमोर कापून उघडले. चार पक्के होते. तीन नुसत्या टाक्यांवर होते. शाळेतला एक, विनिताचा एक, आणि तिसरा घाटकोपरच्या सीतारामकाकांचा. कल्पिताने त्यांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, “कळवलंस, बरं केलंस,” आणि फोन ठेवला.

प्रिन्सिपॉल मॅडमनी ‘घडण’ बंद केली. पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणाल्या, पण तसं कुणालाच वाटत नव्हतं. सुयोगच्या मनगटाचं हाड मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर होतं. अप्रेंटिसशिपसाठी जेव्हा कंपनीतून फोन आला तेव्हा सरांनी त्यांना घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं नाव यादीतून काढलं नाही, पुढच्या बॅचला ढकललं. कल्पिताने घरी मंगळवारी संध्याकाळीच सांगून टाकलं होतं. तिची आई, सुगंधा, ऐकून घेऊन म्हणाली, “आणि नसतीस पोचली तर?” एवढंच. मग तिने ताट वाढलं, पण कल्पिताला दोन घासही गेले नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस कुठे भांडं जरी पडलं तरी तिचे हात छातीशी जायचे, तिथे काहीतरी धरल्यासारखे.

फेब्रुवारीत, परीक्षेच्या आठ दिवस आधी, ती आईबरोबर भांडुपच्या बाजारात गेली होती. मासळीवाल्यांच्या रांगेत तिला विनिता दिसली. कडेवर मुलगा होता, आता चांगला गुटगुटीत. तो बांगड्यांच्या टोपलीकडे झेप घेत होता आणि विनिता त्याला आवरता आवरता भाव करत होती. कल्पिता जागच्या जागी थांबली. मागे वळून जावं, असं तिला वाटलं. पण तोवर विनिताने तिला बघितलं होतं.

विनिता हसली नाही, तिने नजरही वळवली नाही. मासळीवालीने पिशवी पुढे केली, ती तिने घेतली आणि चालत कल्पितापर्यंत आली.

“बारावी ना यंदा?” तिने विचारलं.

“हो.”

“मग बाजारात काय करतेयस? घरी जा, अभ्यास कर.”

एवढं बोलून ती पुढे गेली. मुलाने तिच्या खांद्यावरून मान वळवली आणि गर्दीत दिसेनासा होईपर्यंत तो कल्पिताकडे बघत राहिला.